ग्रँट डफ यांचे घर

आमच्या शाळेच्या हजेरीपटावरील नावे वाचीत असताना निंबाळकर, डफळे, घोरपडे ही आडनावे पुनःपुन्हा येतात. आडनाव म्हणजे घराण्याची कधीही न बदलणारी खूण, अशी आपली सर्वांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. फलटणचे निंबाळकर हे मूळचे पवार. निंबळक गावी राहिल्यामुळे ते निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीवरून त्यांना हे नाव पडले. आडनाव बदलले, पण ज्या गावावरून ते पडले ते गाव जागच्या जागी राहिले. निंबळक आज सातारा जिल्ह्यात आहे, आणि डफळापूर सांगली जिल्ह्यात.

ही हकीकत ज्या गृहस्थांनी दोनशे वर्षांपूर्वी आपल्या इंग्रजी इतिहासग्रंथात नमूद करून ठेविली, ते स्वतः तीन निरनिराळ्या आडनावांनी जगले. ते गृहस्थ म्हणजे साताऱ्याचे पहिले रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कर्ते जेम्स ग्रँट डफ. आज त्यांच्या वंशजांपैकी कोणी पूर्वजाचे घर शोधावयास निघाला, तर त्यास काय करावे लागेल, हा विचार आमच्या मनात आला. त्यांचे चरित्र त्याच वाटेने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जेम्स यांचा जन्म स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील बॅन्फ या गावी ८ जुलै १७८९ रोजी झाला. वडिलांचे नाव जॉन ग्रँट. आईचे नाव मार्गारेट. ती ईडन येथील डफ घराण्यातील होती. मुलगा दहा वर्षांचा होतो न होतो तोच वडील वारले. आई मुलांसह ॲबर्डीन शहरी जाऊन राहिली, आणि तेथील शाळेत व मॅरिशल कॉलेजात जेम्स यांचे शिक्षण झाले. कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत त्यांस घालावे असे ठरले होते; परंतु तेथे जागा मिळेपर्यंत वाट पाहण्याचा धीर त्यांस निघेना. १८०५ साली लष्करातील उमेदवारी पत्करून ते मुंबईस निघून आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीत त्यांची नेमणूक झाली. काठेवाडातील मालिया येथील गढीवर झालेल्या हल्ल्यात त्यांच्या हाताखालची तुकडी जवळजवळ कापली गेली, परंतु त्यांच्या धैर्याची वाहवा झाली. पुढे फारसी भाषेचे दुभाषी म्हणून त्यांनी नाव मिळविले, आणि पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. या एका ओळखीने त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. पुढे त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचे नावही माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेविले. मद्रासचे गव्हर्नर असताना समुद्रकाठचा मरीना हा प्रशस्त रस्ता करविणारे ते हेच.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविण्यात आले, आणि राज्याची घडी बसविण्याचे काम कॅप्टन ग्रँट यांजकडे आले. महाराजांचे वय पंचवीस, साहेबांचे अठ्ठावीस. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. दुसऱ्या वर्षी औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे आदी जहागीरदारांशी करारमदार झाले. एप्रिल १८२२ मध्ये कारभाराची सूत्रे महाराजांच्या हाती देण्यात आली. कारभार राजाच्या नावाने आणि अधिकार कंपनीचा, अशी ही व्यवस्था होती, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि महाराजांस दप्तराच्या कामाची शिस्त व गोडी होती, आणि साहेबांनी ती वाढीस लाविली. उभयतांचे चांगले जमले.

दिवसभराचे सरकारी काम आटोपल्यावर उरलेला वेळ ग्रँट जुन्या कागदांत घालवीत. महाराजांनी आपले दप्तर त्यांस खुले केले. देवस्थानांतून, वतनदारांच्या घरांतून बखरी, सनदा, महजर येऊ लागले. महजर हा शब्द पुष्कळ विद्यार्थ्यांस अपरिचित असेल. पाटिलकीचा अगर देशमुखीचा तंटा पडला, म्हणजे गोतसभा बसे. दोन्ही पक्ष आपापल्या पिढ्या सांगत. मूळपुरुष कोण, तो कोठून आला, गावात कोणत्या जागी राहिला, शेताच्या चतुःसीमा कोणत्या, हे साक्षीदार शपथेवर सांगत. मग निवाडा लिहून त्यावर साक्षी व निशाण्या होत. तोच महजर. कित्येक घराण्यांचे मूळ आज कळते ते अशा कागदांवरूनच. त्र्यंबकेश्वरच्या किंवा पंढरपूरच्या उपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांचे नाव ज्या पालकांनी पाहिले असेल, त्यांस या शोधातील आनंद निराळा सांगावयास नको.

अति श्रमाने ग्रँट यांस तीव्र डोकेदुखी जडली, प्रकृती खालावली, आणि सुमारे पाच वर्षांच्या साताऱ्यातील कारकिर्दीनंतर ते मायदेशी परतले. १८२६ साली त्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन केपन यांच्या मराठी भाषांतराच्या रूपाने तो इकडे वाचला जाऊ लागला. ग्रंथात दोष आहेत. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीत अकस्मात पेटलेला वणवा, अशा थाटाची त्यांची मांडणी न्यायमूर्ती रानडे यांनी खोडून काढिली, आणि त्याच्याही पूर्वी नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्या चुका निर्भीडपणे दाखविल्या. आमच्या मते ते योग्यच झाले. परंतु टीका करणाऱ्यांसही पहिला पाया ग्रँट डफ यांचाच घ्यावा लागला.

आता त्यांच्या घराकडे वळू. १८२५ च्या सुमारास आईच्या माहेरची ईडन ही इस्टेट त्यांजकडे आली आणि ग्रँट यांचे ग्रँट डफ झाले. म्हणजे पवारांचे निंबाळकर झाले त्यातलाच हा प्रकार! १८५० साली त्यांच्या पत्नीस तिच्या आईच्या घराण्याची फाइफ परगण्यातील इस्टेट मिळाली, तेव्हा कनिंगहॅम हे नावही त्यांनी जोडून घेतले. स्कॉटलंडच्या त्या भागात ग्रँट आडनावाची माणसे उदंड. केवळ जेम्स ग्रँट या नावाने घर शोधणे म्हणजे सातारा जिल्ह्यात नुसते जाधव म्हणून चौकशी करण्यासारखे आहे.

येथे खानेसुमारी उपयोगी पडते. खाना म्हणजे घर. घरांची मोजदाद ती खानेसुमारी, हा शब्द आपल्या जुन्या दप्तरांतलाच. स्कॉटलंडात १८०१ पासून १८३१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या गावोगावच्या शाळामास्तरांनी केल्या, हे वाचून आम्हांस अंमळ अभिमान वाटला. त्यांत बहुधा नुसते आकडे असत. माणसांची नावे देशभर लिहून ठेविली गेली ती १८४१ च्या ६ जूनच्या रात्रीची. त्या वहीत घर, नाव, वय, धंदा, आणि त्याच परगण्यात जन्म झाला किंवा नाही, असे रकाने आहेत. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहावे असा दंडक होता. तेव्हा एक्कावन्न वर्षांचे ग्रँट डफ या वहीत पन्नास वर्षांचे म्हणूनच शोधले पाहिजेत.

जन्माचा रकाना याहून मौजेचा आहे. ईडनचे घर डेव्हरॉन नदीच्या खोऱ्यात, किंग एडवर्ड पॅरिशमध्ये, म्हणजे ॲबर्डीन परगण्यात. नदीच्या मुखाशी पश्चिमेस बॅन्फ गाव. तो परगणा निराळा. त्या रात्री हे कुटुंब ईडनला असेल, तर तेथेच १८२९ साली जन्मलेल्या बारा वर्षांच्या माउंटस्टुअर्टच्या नावापुढे होय, आणि घरधन्याच्या नावापुढे नाही, असे उत्तर पडावयास हवे. वडिलांचे जन्मगाव जवळ असून ते या परगण्यात परके ठरतात. ज्यास हे ठाऊक नाही, तो वंशज तो एक शब्द वाचून भलत्याच देशी शोधीत बसेल. १८५१ च्या मार्चअखेरच्या वहीत मात्र नेमके वय, घरधन्याशी नाते आणि जन्माचा पॅरिश लिहिला जाऊ लागला, आणि शोधणाऱ्याचे अर्धे काम हलके झाले. आता या वह्या संगणकावर घरबसल्या पाहता येतात.

१८४१ च्या त्या जून महिन्यात प्रतापसिंह महाराज कोठे होते? १८३९ साली कंपनी सरकारने त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले होते. ग्रँट यांस ज्यांनी आपले दप्तर उघडून दिले, त्यांचे स्वतःचे घर सुटले होते. १८४७ साली ते काशीतच निवर्तले, आणि दुसऱ्या वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

ग्रँट डफ यांचा अंत २३ सप्टेंबर १८५८ रोजी झाला. स्कॉटलंडात १८५५ पासून मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली होती, आणि त्या नोंदीत मृताच्या आईचे नाव माहेरच्या आडनावासह लिहिण्याची पद्धत आहे. ग्रँट, ग्रँट डफ, कनिंगहॅम ग्रँट डफ या तिन्ही नावांत वाट चुकलेल्या वंशजाने तो रकाना आधी पाहावा. तेथे मार्गारेट डफ हे नाव सापडले, की पुढे ईडनचा रस्ता सरळ आहे.