जबलपूरच्या हाडांना नाव देणारे रिचर्ड लिडेकर

जबलपूरला पाहुणे आले की आपण त्यांना भेडाघाट दाखवतो, नर्मदेवर नेतो. बडा सिमला टेकडीकडे मात्र क्वचितच कोणी वळते. १८२८ साली याच टेकडीवर विल्यम स्लीमन यांना दगड झालेले काही मणके सापडले. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच हे स्लीमन. डायनासोर हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १८४२ साली आला. त्यामुळे हाडे कोणाची, हे जवळजवळ पन्नास वर्षे ठरले नाही.

ते ठरवले रिचर्ड लिडेकर यांनी. त्यांचा जन्म २५ जुलै १८४९ रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १८७४ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. काश्मीरचे डोंगर त्यांनी पायी पालथे घातले आणि शिवालिक टेकड्यांतील प्राचीन सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. १८७७ साली जबलपूरच्या मणक्यांचे वर्णन करून त्यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातील डायनासोरला मिळालेले हे पहिले शास्त्रीय नाव. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील हाडांवरूनही त्यांनी दुसरी जात नोंदवली.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ब्रिटिश संग्रहालयातील सस्तन, सरपटणारे, उभयचर आणि पक्षी यांच्या जीवाश्मांची दहा खंडांची सूची तयार केली. आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांच्या प्रदेशांचा विचार करताना त्यांनी आखलेली सीमा आजही लिडेकर रेषा म्हणून ओळखली जाते. १६ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे जबलपूरचे ते मणके हरवल्याचे मानले जात होते. २०१२ साली कोलकात्यात जुन्या संग्रहाची छाननी करताना ते पुन्हा हाती लागले. लिडेकरांनी केलेले वर्णन आणि चित्रे नसती, तर त्यांची ओळख पटवणे अवघड होते. हाडे कमी असल्याने त्या जातीचे स्वतंत्र अस्तित्व आज काही तज्ज्ञ संशयास्पद मानतात. तरी टायटॅनोसॉर हे कुळनाव जगभर टिकले आहे.

शोध लागणे जितके मोलाचे, तितकेच त्याची नीट नोंद ठेवणेही. पुढच्या वेळी जबलपूरला जाल, तेव्हा मुलांना ती टेकडीही जरूर दाखवा.