नाण्यांवरील संतांचे शोधक : डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा

बुलढाणा जिल्ह्यांतील जुन्या घरीं लग्नकार्याच्या वेळीं पेटींतून जे दागिने बाहेर निघतात, त्यांत कधीं कधीं पुतळ्यांची माळ असते. खामगांवच्या सराफाकडे तिचें वजन होतें, कस पाहिला जातो, मोल ठरतें. परंतु त्या सोन्याच्या चकतीस पुतळी हें नांव कां पडलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. मूळची पुतळी म्हणजे इटलींतील व्हेनिस नगरीचें डुकाट नांवाचें सोन्याचें नाणें. इ. स. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पांच शतकांहून अधिक काळ, तें जवळजवळ त्याच वजनाचें व त्याच कसाचें निघत राहिलें. म्हणूनच हिंदुस्थानांतील व्यापाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला. त्याच्या एका बाजूस व्हेनिसचे पालक संत मार्क उभे आहेत आणि त्या नगरीचा अधिपति त्यांच्यापुढें गुडघे टेकून त्यांच्या हातून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनीं वेढलेले आपले प्रभु येशू ख्रिस्त आहेत. नाण्यावर माणसांच्या आकृति दिसल्या, म्हणून आपल्या लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें. पुढें सोनारांनीं त्याच्या नकला केल्या व त्यांवर आपल्या ओळखीच्या देवतांच्या आकृति उमटविल्या. शुभवर्तमान लिहिणाऱ्या एका संताची प्रतिमा अशा रीतीनें महाराष्ट्राच्या लेकीसुनांच्या गळ्यापर्यंत येऊन पोहोंचली, आणि ती कोणाची हें ल्यालेल्यांस ठाऊकही नव्हतें!

धातूवर कोरलेली ही भाषा वाचण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशा एका कॅथलिक विद्वानाचें चरित्र ज्युबिलीच्या ह्या स्मरणपुस्तिकेंत वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें. ज्युबिली म्हणजे मागें वळून पाहण्याचा आणि जें हरवत चाललें आहे तें जपण्याचा काळ. त्या कामीं डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांच्यासारखा गुरु विरळा.

डॉक्टरसाहेबांचा जन्म १८४४ सालीं गोमंतकांत, बार्देश तालुक्यांतील हडफडें ह्या गांवीं एका कॅथलिक कुटुंबांत झाला. गोमंतकांत त्या वेळीं पोर्तुगिजांचें राज्य होतें. तेथील होतकरू तरुणांची दृष्टि त्या काळीं मुंबईकडे लागलेली असे. जेर्सनही मुंबईस आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले, पुढें विलायतेस जाऊन त्यांनीं वैद्यकीच्या पदव्या मिळविल्या, आणि परत येऊन मुंबईंत रोग्यांची सेवा आरंभिली. डेंग्यू तापावर त्यांनीं १८७२ सालींच पुस्तक लिहिलें होतें. यावरून वैद्य म्हणूनही ते केवळ पोटभरू नव्हते हें दिसून येतें.

परंतु त्यांच्या मनास आणखी एक ओढ होती. मुंबईच्या टाउन हॉलांत रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा होती, आणि तिच्याभोंवतीं त्या पिढींत संशोधकांचें एक मंडळ जमलें होतें. डॉ. भाऊ दाजी लाड हेही वैद्यच. १८७४ सालीं निधन होईपर्यंत तेही शिलालेख व नाणीं यांच्या मागें होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं क्षत्रप राजांच्या नाण्यांवरून इतिहासाचीं हरवलेलीं पानें जुळविलीं. दिवसा रोग्याची नाडी पाहावी आणि रात्रीं दिव्यापाशीं नाण्यावरचीं झिजलेलीं अक्षरें लावावीं, अशा ह्या परंपरेंत द कुन्हा सामील झाले. मात्र त्यांनीं जें क्षेत्र निवडलें, त्याकडे इतरांचें लक्ष थोडेंच गेलें होतें. तें क्षेत्र म्हणजे पोर्तुगिजांनीं हिंदुस्थानांत पाडलेलीं नाणीं. १८८० सालापासून ह्या विषयावरील त्यांचे इंग्रजी लेख ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं लागले.

ह्या नाण्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. १५१० सालीं आफोंसो द आल्बुकेर्क यानें गोवें घेतलें, तेव्हां बाजारांत नाण्यांची टंचाई झाली. लोकांच्या मागणीवरून त्यानें सोनें, रुपें व तांबें ह्या तिन्ही धातूंचीं नाणीं पाडविलीं. त्यांवर एका बाजूस ख्रिस्त-संघाचा क्रूस व दुसऱ्या बाजूस राजा मानुएल याचें चिन्ह असलेला आकाशगोल होता. हीं नाणीं रस्त्यांतून मिरवीत नेऊन लोकांत उधळण्यांत आलीं. गोवें दुसऱ्यांदा व कायमचें हातीं आलें तो दिवस २५ नोव्हेंबर, म्हणजे संत कॅथरिन यांच्या सणाचा. म्हणून ती वीरकन्या त्या शहराची पालक संत ठरली. तिच्या छळासाठीं जें चाक सिद्ध केलें होतें असें परंपरा सांगते, तें चाक पुढें गोव्याच्या बझारुक नांवाच्या हलक्या नाण्यांवर आलें. भाजीपाला घेणाऱ्या गरिबाच्या मुठींत जें नाणें, त्यावर हुतात्मा कुमारिकेची खूण!

१५४८-४९ च्या सुमारास, गार्सिया द सा हा गव्हर्नर असतांना, सोन्याचें एक नवें नाणें निघालें. त्याच्या एका बाजूस पोर्तुगालचें राजचिन्ह होतें आणि दुसऱ्या बाजूस भारताचे प्रेषित संत तोमा यांची प्रतिमा होती. ह्यापूर्वीं थोड्याच दिवसांत, १५४७ सालीं, मद्रासजवळील संत तोमाच्या टेंकडीवर प्राचीन क्रूस सांपडला होता. त्यामुळें प्रेषिताचें नांव त्या काळीं सर्वांच्या तोंडीं होतें. लोक त्या नाण्यास सां तोमे म्हणूं लागले. पुढें प्रतिमा जाऊन तिच्या जागीं क्रूस आला, तरी सोन्याच्या नाण्याचें सां तोमे हें नांव टिकून राहिलें. राजा सेबॅस्तियन याचा जन्म १५५४ सालीं संत सेबॅस्तियन यांच्या सणाच्या दिवशीं झाला, म्हणून त्याचें नांव तें पडलें. त्याच्या कारकीर्दींत गोव्याच्या रुप्याच्या नाण्यांवर तो बाणांनीं विद्ध झालेला हुतात्मा प्रगट झाला. लंकेंत कोलंबो येथील नाण्यांवर संत लॉरेन्स यांना जिच्यावर भाजलें ती लोखंडी जाळी दिसते. ज्यास वाचतां येत नाहीं, त्यासही चाक, बाण आणि जाळी पाहून संत ओळखतां यावा, अशी ही चित्रलिपि होती.

आतां प्रश्न असा कीं, हें सर्व गोळा करण्याची डॉक्टरसाहेबांस इतकी निकड कां वाटावी? याचें उत्तर त्यांच्या काळांत आहे. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्यें तह झाला. त्या अन्वयें गोमंतकांत इंग्रजी धर्तीचा रुपया आला, आणि १८८१ सालचीं गोव्याचीं नवीं नाणीं कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडलीं गेलीं. जुन्या नाण्यांचें चलन संपलें. चलन संपलें कीं नाण्याची किंमत केवळ धातूची उरते. सोनें व रुपें मुशींत जातें आणि तांबें तांबटाच्या भट्टींत. तीनशें सत्तर वर्षांचा इतिहास असा वितळून जाण्याच्या वेळींच द कुन्हा यांचा ग्रंथ छापला जात होता. आणखी एक पिढी गेली असती, तर वर्णन करावयासही नाणीं उरलीं नसतीं.

त्यांची पद्धतही लक्षांत ठेवण्याजोगी आहे. केवळ दंतकथेवर ते विसंबले नाहींत. एका हातांत नाणें आणि दुसऱ्या हातांत जुनें दप्तर, असा त्यांचा क्रम होता. गास्पार कोरैया याच्यासारख्या जुन्या बखरकारांचे लेख आणि कुन्हा रिव्हारा यांनीं गोव्याच्या दप्तरांतून छापविलेले कागद त्यांच्या उपयोगीं पडले. नाण्याचा धातु, त्यावरील आकृति, अक्षरें आणि टांकसाळीचें चिन्ह हीं पाहून मग ते निर्णय करीत. प्रभूच्या जखमा डोळ्यांनीं पाहिल्यावांचून व हातानें चांचपल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं, असें ज्या प्रेषितानें म्हटलें, त्याच्याच प्रतिमेचें नाणें शोधणारा हा पुरुष त्याच्याच वळणावर गेला, असें आम्हांस वाटतें. पाहावें, स्पर्श करावा, आणि मगच मान्य करावें.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाण्यावर क्रूस अथवा संत असला, म्हणजे नाणें पाडणाऱ्याचा व्यवहारही पवित्र असतो असें नाहीं. १५४२ सालीं ज्याच्याबरोबर संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले, तो गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सौझा यानें तांब्याच्या नाण्याची किंमत धातूच्या मानानें फार वाढविली. व्यापारी तें नाणें घेईनात, जिन्नस महागले, आणि हाल झाले ते गरिबांचे. पुढें जुआंव द कास्त्रो हा अधिकारावर आल्यावर लोकांनीं गाऱ्हाणें केलें व त्यानें ती आज्ञा रद्द केली. हा प्रकार पोर्तुगिजांच्या नाण्यांच्या इतिहासाचा भागच आहे, आणि तो इतिहास लिहिणारा स्वतः पोर्तुगीज राज्यांत जन्मलेला कॅथलिक होता. बुद्धाच्या दंतधातूविषयीं त्यांनीं १८७५ सालीं जो प्रबंध लिहिला, त्यांतही हीच कसोटी होती. तो दांत १५६१ सालीं गोव्यांत जाळण्यांत आला असें पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. पेगूच्या राजानें देऊं केलेलें मोठें द्रव्य नाकारून हें करण्यांत आलें. असा नाजूक विषयही त्यांनीं टाळला नाहीं. स्वधर्मावर प्रेम असावें, पण त्या प्रेमापायीं सत्य झांकूं नये, हा त्यांच्या लेखणीचा नियम दिसतो.

त्यांच्या विद्वत्तेचा विस्तार पाहिला म्हणजे मन थक्क होतें. १८७६ सालीं त्यांनीं चौल व वसई येथील इतिहासावर व अवशेषांवर पुस्तक लिहिलें. वसईच्या पडक्या मठांची व देवळांची माहिती ज्यांस हवी, त्यांस तें आजही उघडावें लागतें. १८७७ सालीं स्कंदपुराणांतील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता त्यांनीं संपादून छापविली. कॅथलिक डॉक्टरानें पुराणाचें संपादन करावें, हें त्या काळीं अपूर्वच होतें! १८८१ सालीं कोंकणी भाषा व तिचें वाङ्मय यांवर त्यांनीं लिहिलें. त्यांचा स्वतःचा नाण्यांचा संग्रह एवढा मोठा झाला कीं, १८८८-८९ च्या सुमारास त्याची यादीच ग्रंथरूपानें छापावी लागली. शेवटीं मुंबई शहराच्या उत्पत्तीचा इतिहास त्यांनीं हातीं घेतला. तो ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं मुंबईंत त्यांचा अंत झाला. त्यांचें वय अवघें छप्पन वर्षांचें होतें.

नाणीं हातोहात फिरतात. संग्रह कितीही मोठा असला तरी संग्राहकाच्या मागें तो एके ठिकाणीं राहील याची शाश्वति नसते. मात्र जें वर्णन कागदावर उतरलें तें राहातें. म्हणून द कुन्हा यांची खरी ठेव त्यांच्या पेटींतील सोनें नव्हे. त्या सोन्यावर काय कोरलें होतें हें त्यांनीं आम्हांस लिहून ठेवलें, ती खरी ठेव होय.

आमच्या वाचकांतील बहुतेकांपाशीं सां तोमेचें नाणें नसेल. परंतु आजीच्या पेटींत एखादी जुनी पुतळी, बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालेलें पदक, झिजलेला क्रूस अथवा जपमाळेंतील संताची लहान प्रतिमा असेल. ती मोडींत घालण्यापूर्वीं एक वेळ दिव्यापाशीं नेऊन नीट पाहावी, अशी आमची विनंति आहे. ती चिंचेनें अथवा राखेनें घांसूं नये, कारण घांसल्यानें अक्षरें कायमचीं जातात. ती कोणाकडून आली, कोणत्या गांवीं व कोणत्या प्रसंगीं मिळाली, हें एका चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवावें. शेत नांगरतांना अथवा पाया खणतांना जुनीं नाणीं सांपडलीं, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी; गुपचूप सराफाकडे नेऊं नयेत. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर यांसारखीं प्राचीन स्थळें ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथील मातींत आणखी काय दडलें असेल हें कोण सांगूं शकेल?

शुभवर्तमानांत एका स्त्रीची गोष्ट आहे. दहा नाण्यांपैकीं एक हरवलें, तेव्हां तिनें दिवा लावला, घर झाडलें, आणि तें सांपडेपर्यंत ती शोधीत राहिली. सांपडल्यावर शेजारणींस बोलावून तिनें आनंद केला. डॉ. द कुन्हा यांनीं हेंच केलें. ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपल्या घरांतही तसा दिवा लागो, आणि जें सांपडेल तें आपल्या मुलाबाळांच्या हातीं त्याच्या कथेसह जावो, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.