भय, मैत्री आणि स्वर : देवासचे पंडित कुमार गंधर्व



दर्शनास येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात स्वतःच्या अथवा घरच्या माणसाच्या आजाराचे भय असते. अशा वेळी मैत्रीची भावना धरावी, असे आपली परंपरा सांगते. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये मैत्री व करुणा यांना आरंभीच स्थान आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही याच दोन भावनांना चित्तप्रसादनाचे साधन मानले आहे. अरण्यात भयभीत झालेल्या भिक्षूंना भगवान बुद्धांनी मैत्रीचाच उपदेश केला, अशी बौद्ध परंपरेतील कथा आहे. ही भावना प्रथम स्वतःविषयी, मग जिवलगांविषयी, पुढे अनोळखी माणसांविषयी आणि अखेर वैऱ्याविषयीही धरावयाची असते. हे वाचावयास सोपे आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसाला ते कसे साधावे? या प्रश्नापाशी आलो की आम्हांस पंडित कुमार गंधर्व यांचे चरित्र आठवते.

त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. मूळ नाव शिवपुत्र कोमकाली. लहानपणीच त्यांच्या गाण्याने मोठमोठे जाणकार थक्क झाले आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यांना मिळाली. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण झाले. १९४७ मध्ये भानुमतींशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले.

त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूची चाहूलच. लोक रोग्याच्या खोलीत पाऊल टाकण्यासही भीत. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे दांपत्य देवास येथे आले. धार व देवास येथील पवार संस्थानांमुळे आपल्या माळव्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती, त्यामुळे ही भूमी त्यांना अगदीच परकी नव्हती. एक फुफ्फुस निकामी झाले होते आणि वैद्यांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. ज्याचे अवघे आयुष्य म्हणजे स्वर, त्यास चोवीस-पंचविसाव्या वर्षी मौन पाळावयाचे होते. मरणाच्या भयापेक्षा हे भय मोठे असावे, असे आम्हांस वाटते.

भानुमतींनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले आणि पतीची शुश्रूषा केली. ज्या रोगापासून जग दूर पळत होते, त्याच्या उशाशी त्या वर्षानुवर्षे बसल्या. मैत्रीभावनेचे याहून निराळे उदाहरण शोधण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

कुमारजींनी या काळात एखादे ठराविक ध्यान केले, असा आमचा दावा नाही. त्यांनी ऐकले, एवढे मात्र निश्चित. सुमारे पाच वर्षे ते ऐकतच राहिले : माळव्यातील बायाबापड्यांची लग्नातील व ऋतूंची गाणी, वाटेवरून जाणाऱ्यांचे सूर, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी असल्याने असे जोगी तेथे येत. अनोळखी, निर्धन माणसांच्या गळ्यातील स्वर एवढ्या आदराने कानांत साठविणारा रुग्ण स्वतःच्या भयापाशी किती वेळ थांबणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. त्यांचा रोग हटला तो औषधाने. १९४३ मध्ये शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन पुढे आपल्या देशात मिळू लागले आणि त्यांना गुण आला. चिंतनाच्या भरवशावर कोणीही औषध बंद करू नये, ही हात जोडून विनंती. क्षयाचे औषध मध्येच सोडल्यास रोग अधिक हट्टी होतो. चित्त शांत असेल तर दीर्घ उपचार नेटाने पुरे करण्याचे बळ मिळते. चिंतनाचे स्थान आम्ही तेथे मानतो.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. लहान लहान स्वरवाक्यांची त्यांची गायकी एका फुफ्फुसामुळे घडली, असे अनेक जण म्हणतात. आम्हांस ते पुरते पटत नाही, कारण त्या गाण्यात श्वासाच्या उणिवेहून विचार अधिक आहे. आजारात ऐकलेल्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले. त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जोग्यांकडून आलेली कबीरांची पदे तर त्यांनी सभागृहांत नेली. त्यांतील एका प्रसिद्ध पदाचा पहिलाच शब्द 'निर्भय' हा आहे.

दुःख मात्र संपले नव्हते. १९६१ मध्ये प्रसूतीच्या वेळी भानुमतींचे निधन झाले. ज्यांनी त्यांना मरणाच्या दारातून परत आणले, त्याच आधी गेल्या. पुढे वसुंधराताईंशी विवाह झाला व त्या गाण्यातही सहचारिणी झाल्या. १९९० मध्ये पद्मविभूषण लाभले. इतका मान मिळूनही त्यांनी देवास सोडले नाही. उपचारापुरते आलेले कुमारजी माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' या घरी कायमचे राहिले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांनी देह ठेवला.