ट्रॉम्बेचे भाभा आणि परळचे रुग्णालय

डॉ. होमी जहांगीर भाभांचे नाव निघाले की मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी उभा असलेला अणुभट्टीचा घुमट येतो. शालेय पाठ्यपुस्तकांतही त्यांची ओळख बहुधा एवढीच असते. त्यांच्या कारकीर्दीत एक निर्णय मात्र असा आहे की, ज्याला चरित्रकार फार तर एखादे वाक्य देतात. १९६२ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आले, तो हा निर्णय. अणुभट्ट्या बांधणाऱ्या खात्याने कर्करोगाचे रुग्णालय कशासाठी चालवावे, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर भाभांच्या आयुष्यक्रमात विखुरलेले आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर; आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. होमी केंब्रिजला शिकत असताना, १९३१ साली, या आत्याचे वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. देशातील सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एकाची सून युरोपातील वैद्यकही वाचवू शकले नाही. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे त्यांच्याच विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. आत्याच्या मृत्यूचे शल्य पुतण्याच्या मनात राहिले आणि त्यातून १९६२ चा निर्णय निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो. चरित्रलेखनात असले सोपे धागे न जुळवलेलेच बरे.

वडिलांची अपेक्षा मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे अशी होती. १९३० मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन भाभांनी ती अर्धी पुरी केली आणि ते सैद्धांतिक पदार्थविज्ञानाकडे वळले. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन हा कण सापडला. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान तेवढेच, पण विद्युत्भार उलटा. हे दोन कण परस्परांजवळ आले असता कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी १९३५ मध्ये मांडले. भौतिकशास्त्रात ती प्रक्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पॉझिट्रॉनाचे आयुष्य अल्प. इलेक्ट्रॉनाची गाठ पडली की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची एक जोडी परस्परविरुद्ध दिशांना निघून जाते. त्या काळी हे निव्वळ कागदावरचे ज्ञान होते. त्याचा एखाद्या आजारी माणसाशी संबंध येईल, असे कोणाच्या स्वप्नीही नसेल.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरची सर रामन यांच्या सहवासातील वर्षे, १९४५ ची टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ चा अणुऊर्जा आयोग आणि १९५४ पासून ट्रॉम्बे हा पुढील प्रवास सर्वपरिचित आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस. भाभांची भाकिते मात्र धाडसी असत आणि ती सारी खरी ठरली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी अणुसंमीलनाची ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल असे सांगितले. ती अद्याप आलेली नाही. १९८० पर्यंत देशात आठ हजार मेगावॉट अणुवीज निर्माण होईल हा त्यांचा अंदाज होता. त्या साली देशाने एक हजाराचाही पल्ला गाठलेला नव्हता.

ज्या निर्णयाविषयी त्यांनी अशी गर्जना केली नाही, तो मात्र फळला. टाटांकडून १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलेले रुग्णालय तेथेच राहते, तर ते सरकारी रुग्णालयांच्या लांबलचक यादीतील एक नाव झाले असते. अणुऊर्जा खाते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली होते. शिवाय अणुभट्टीतून निघणारी किरणोत्सारी समस्थानिके ट्रॉम्बेत आणि ती ज्यांना द्यावयाची ते रोगी परळला, अशी स्थिती होती. १९६३ मध्ये परळला किरणोत्सार वैद्यक केंद्र निघाले. कंठस्थ ग्रंथीच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडिनाची अल्प मात्रा देऊन शरीराचे चित्र घेतले, तर पसरलेल्या गाठी आयोडीन शोषतात की नाही हे दिसते. ज्या शोषतात, त्यांनाच मोठ्या मात्रेचा उपयोग. म्हणजे उपचार लागू पडेल की नाही हे चित्रावरून आधी ओळखण्याची विद्या मूळ धरू लागली होती.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर एअर इंडियाचे विमान कोसळून भाभांचा अंत झाला. त्याच वर्षी रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

या मांडणीचे एक फळ दिसण्यास २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी परळच्या त्याच केंद्रात भारतातील पहिले पेट स्कॅन यंत्र आणि वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले. या यंत्राचे सारे काम पॉझिट्रॉनावर चालते. किरणोत्सारी फ्लुओरिन जोडलेली साखर रोग्याला टोचतात. कर्कपेशी साखरेच्या अधाशी, म्हणून ती त्यांच्यात साठते. तेथे पॉझिट्रॉन बाहेर पडून गॅमा किरणांच्या जोड्या निघतात आणि भोवतालचे कडे त्या टिपते. साध्या क्ष-किरण चित्रात गाठीचा आकार कळतो. पण औषधाने मेलेली गाठही आकाराने बराच काळ तशीच राहू शकते. पेट स्कॅन ती जिवंत आहे की नाही हे सांगतो. हॉजकिन लिंफोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात औषधांची दोन आवर्तने, म्हणजे सुमारे दोन महिने, झाल्यावर स्कॅन घेतात. झळाळी विझली असेल तर पुढील आवर्तनांतून फुप्फुसांना अपायकारक असे एक औषध वगळता येते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिले. विझली नसेल तर औषधे बदलण्याचा विचार वेळीच करता येतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत, उपयोग नसलेल्या उपचारावरील खर्च सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांत थांबतो. मुलुंडच्या कारकुनाच्या घरात या चार महिन्यांची किंमत भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेत आणि बिनपगारी रजेत मोजली जाते. अर्थात हे भाकीतही चुकते. क्षयाच्या गाठीही साखर खातात आणि कर्करोगासारख्याच चमकतात. क्षय घरोघर ठाऊक असलेल्या मुंबईत परदेशी पुस्तकातले निकष जसेच्या तसे लावून चालत नाही. शंका आली की गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.

आणखी एक अडचण निव्वळ वितरणाची आहे. या फ्लुओरिनचे अर्धायुष्य ११० मिनिटे. दादरच्या बाजारातील भाजीही इतक्या लवकर उतरत नाही. सायक्लोट्रॉन ज्या इमारतीत, तेथे ते वाया जात नाही. त्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या जिल्ह्याच्या गावी ते पोहोचेपर्यंत निरुपयोगी होते. उपनगरांतील काही मोठ्या खासगी रुग्णालयांत आज ही सोय झाली आहे. विदर्भ-मराठवाड्यातून निघालेला बराचसा गरीब रोगी मात्र अजूनही परळलाच उतरतो. ट्रॉम्बे आणि परळ यांतील अंतर भाभांनी एका शासकीय आदेशाने मिटवले होते. परळ आणि गडचिरोली यांतील अंतर मिटवण्याचे काम त्यानंतरच्या सरकारांचे होते.