श्रीमती रमाबाई रानडे आणि रुग्णसेवेची विद्या

आमच्या किनवटच्या वर्गात, पुढे कोण काय होणार असा प्रश्न केला तर दरवर्षी चारपाच मुली तरी परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवितात. घरच्या मंडळींस त्यात काही वावगे वाटत नाही. पैनगंगेकाठच्या या जंगलमुलखात, मराठी नीट न उमगणाऱ्या एखाद्या गोंड किंवा कोलाम आईला, सूर्याकडे बोट दाखवून कोणती गोळी केव्हा द्यावयाची हे समजावून सांगणारी परिचारिका त्यांनी पाहिलेली असते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी एखाद्या ब्राह्मण घरच्या मुलीने हीच इच्छा बोलून दाखविली असती, तर त्या घरात सुतक पडल्यासारखी रडारड झाली असती. पुण्यात हा पालट घडवून आणण्यासाठी ज्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली त्या श्रीमती रमाबाई रानडे यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिनींस ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव हल्ली सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. त्या घराण्यात मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. सन 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. न्यायमूर्तींची प्रथम पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती व त्यांचे वय एकतीस होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल लोकांनी त्यांस पुष्कळ दूषणे दिली. ती सर्वस्वी अन्यायाची होती असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र लग्न होताच त्यांनी त्या निरक्षर मुलीच्या हाती पाटी दिली, हेही खरे.

शिकणे सोपे नव्हते. पती शिकवीत आणि घरातील वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत. विधवा नणंद दुर्गाक्का यांस भावजयीचे हे वाचन मुळीच रुचत नसे. रमाबाई उलट उत्तर न देता दिवसभर घरकाम करीत आणि उरल्या वेळी धडा पाठ करीत. पुढे त्या इंग्रजी शिकल्या. सन 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्यांच्या आर्य महिला समाजात या जाऊ लागल्या. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी जी खटपट झाली व जिच्यातून 1884 साली हुजूरपागेची शाळा निघाली, तिच्यातही त्यांचा भाग होता.

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. काही काळ त्यांनी पुण्यास एकांतवासात घालविला. नंतर त्या घराबाहेर पडल्या त्या दुःखितांकडे. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तेथील स्त्रियांशी बोलावे, ससून रुग्णालयात जाऊन रोग्यांस फळे द्यावीत व त्यांची विचारपूस करावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रोग्याच्या खाटेपाशी घटकाभर बसणाऱ्या माणसास जे दिसते ते औषध लिहून देऊन पुढे जाणाऱ्या वैद्यास नेहमीच दिसते असे नाही. वैद्य दिवसातून एकदोन वेळा येतो. उरलेले तास रोगी परिचारिकेच्या स्वाधीन असतो. ताप मोजावयाचा तिने, बाटलीवरील चिठ्ठी वाचावयाची तिने, आणि घरी जाताना पाणी उकळून पी, जखमेस राख लावू नको, हे सांगावयाचेही तिनेच. हे सांगणे रोग्यास कळेल अशा भाषेत व त्याच्या घरची रीत ओळखून झाले पाहिजे. पडद्याआडच्या बाळंतिणीस ते कोण सांगणार? तिला हात लावण्यास परपुरुष वैद्य चालत नसे, आणि शिकलेली स्त्री मिळत नसे.

सन 1908 मध्ये मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन ही संस्था काढली. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. दयाराम गिदुमल यांनी मलबारींचे जे चरित्र लिहिले, त्यास प्रस्तावना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिली होती. क्रिमियाच्या युद्धात घाणेरड्या इस्पितळांमुळे शिपाई कसे मरतात हे आकड्यांनिशी दाखविणाऱ्या व 1860 साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा स्थापन करणाऱ्या या बाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. तरी येथील खेड्यांच्या आरोग्याविषयी त्या अनेक वर्षे लिहीत राहिल्या. सन 1909 मध्ये पुणे सेवासदन निघाले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या, गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीस होते, आणि न्यायमूर्तींच्या वाड्यातच वर्ग भरू लागले.

शिवण व लेखनवाचन यांच्या वर्गांस फारसा विरोध झाला नाही. परिचारिकांच्या वर्गाची गोष्ट वेगळी. शिक्षण ससून रुग्णालयात व्हावयाचे. म्हणजे परजातीच्या रोग्यांस शिवणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळीस घराबाहेर राहणे आलेच. तोपर्यंत या व्यवसायात बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन व एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रिया होत्या. त्यामुळे या कामाने धर्म बुडतो अशीही समजूत पसरली होती. ज्या सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करिता करिता त्याच रोगाने गेल्या, त्यांच्या शहरात ही स्थिती होती. रमाबाई मुलींस व तरुण विधवांस स्वतः समजावीत. ज्या विधवेस घरात कोपरा तेवढा उरला होता, तिला ही विद्या पोट व मान दोन्ही देईल, असा त्यांचा विश्वास होता.

या काळातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सेवासदनाचा वार्षिक समारंभ चालला होता. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, अंगावर तांबडे आलवण. तिला पाहताच सज्जातील कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई एरवी मृदू बोलणाऱ्या. पण शेवटी बोलावयास उठल्या तेव्हा त्यांनी त्या तरुणांस सुशिक्षित म्हणावे कसे, असा सवाल केला व त्यांच्या स्वतःच्या घरातील विधवा बहिणींची त्यांस आठवण करून दिली. सभागृह चिडीचूप झाले. ती मुलगी बक्षीस घेऊन खाली उतरताना कशी चालली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सेवासदनाच्या स्वयंसेविकांस घेऊन रमाबाई आळंदीच्या यात्रेसही जात व यात्रेकरूंची सेवा करीत. पटकीच्या त्या दिवसांत यात्रा म्हणजे साथीचे माहेरच होते. शुद्ध पाण्याची एक गोष्ट पटवून दिली तर ती बाई आपल्या गावी जाऊन दहा घरांस सांगे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वसतिगृहातील एका मुलास घेऊन मी एका रुग्णालयात रात्रभर बसलो होतो. सुई टोचण्यापूर्वी परिचारिकेने त्याचे नाव, वडिलांचे नाव व गाव विचारले. तासाभरापूर्वी तिने हेच विचारले होते, म्हणून मी किंचित त्रासिकपणे बोललो. तिने शेजारच्या खाटेकडे बोट दाखविले. तेथेही त्याच नावाचा मुलगा होता, आणि त्याचे औषध निराळे होते. मी वरमलो. वाचता येणारा, विचारणारा आणि घाई न करणारा हात म्हणजे काय, हे त्या रात्री कळले.

रमाबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध केल्या. मराठीतील स्त्रीलिखित आत्मकथनांत त्या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. त्यांत पतीचेच गुणवर्णन अधिक आणि स्वतःविषयी थोडे आहे. सन 1924 मध्ये त्या वारल्या. तोवर सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. जन्मशताब्दीच्या वर्षी, 1962 मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. त्या तिकिटाची एक प्रत आमच्या ग्रंथालयातील जुन्या वहीत चिकटविलेली आहे; ज्या विद्यार्थिनींस पाहावयाची असेल त्यांनी मजकडून मागून घ्यावी.