विजेची दिशा बोटांवर दाखविणारे फ्लेमिंग

चुंबकीय क्षेत्रात तार हलविली की तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. मात्र तो प्रवाह कोणत्या दिशेने वाहील, हे ठरविताना विद्यार्थ्यांची हमखास चूक होत असे. ही अडचण ओळखून तिच्यावर सोपा उपाय शोधला तो सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी.

इंग्लंडमधील लँकेस्टर येथे २९ नोव्हेंबर १८४९ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना नोकरी करीत १८७० मध्ये पदवी मिळवावी लागली. पुढे शिक्षकी करून साठविलेल्या पैशांवर ते १८७७ मध्ये केंब्रिजला गेले आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे विद्यार्थी झाले.

१८८५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सांगितलेला नियम असा : उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट परस्परांना लंब धरावे. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची आणि अंगठा वाहकाच्या गतीची दिशा दाखवीत असेल, तर मधले बोट प्रवर्तित प्रवाहाची दिशा दाखविते. हा नियम जनित्राचा; विद्युत चलित्रासाठी डावा हात वापरायचा.

मार्कोनी यांच्या कंपनीचे सल्लागार या नात्याने फ्लेमिंग यांनी पोल्ढू येथील प्रक्षेपक केंद्राची रचना केली. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश पोहोचल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. त्याचे श्रेयही प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला गेले. इकडे फ्लेमिंग यांची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती. एडिसन यांच्या दिव्यांवर पूर्वी केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी १९०४ मध्ये निर्वात नळीचा व्हॉल्व्ह तयार केला. त्यामुळे बिनतारी संदेश कानांनी न ऐकता गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने डोळ्यांनी टिपता येऊ लागला. इलेक्ट्रॉनिक्स युगाची ही नांदी ठरली.

या शोधाच्या एकस्वावरून न्यायालयीन लढा दीर्घकाळ चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये ते एकस्व अवैध ठरविले. तेव्हा फ्लेमिंग यांनी नव्वदी ओलांडली होती. १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ येथे त्यांचे निधन झाले.

व्हॉल्व्हची जागा पुढे ट्रान्झिस्टरने घेतली. विद्यार्थ्यांसाठी सांगितलेला तीन बोटांचा नियम मात्र आजही भौतिकशास्त्राच्या वर्गांत शिकविला जातो.