विहिरीत जीव का गुदमरतो? हवेचं गणित मांडणारा विणकराचा पोरगा

पिंप्राळा : जुन्या विहिरीतला गाळ काढायला एक जण उतरतो, चक्कर येऊन पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आतल्या हवेत काय बिघडतं, ते समजायला जे गणित लागतं ते २०० वर्षांपूर्वी एका मास्तरने मांडलं. त्याचं नाव जॉन डाल्टन.

डाल्टनचा जन्म १७६६ चा, इंग्लंडमधल्या ईगल्सफिल्ड या खेड्यातला. बाप हातमागावर कापड विणायचा. घरची गरिबी, म्हणून पोरगा १२ व्या वर्षीच शाळेत शिकवायला लागला. त्याचं घराणं क्वेकर पंथाचं. त्या काळी अशा लोकांना तिथल्या मोठ्या विद्यापीठांची दारं बंद होती. पण गडी थांबला नाही. १७८७ पासून तो रोज हवामानाची नोंद वहीत लिहू लागला आणि मरेपर्यंत, म्हणजे ५७ वर्षं, लिहीत राहिला.

हवेच्या या नादातूनच १८०१ मध्ये त्याने नियम मांडला : मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब देतो, जणू तिथे तो एकटाच आहे. सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब.

हिशोब सोपा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. कोरड्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याचा वाटा साधारण १६० मिलिमीटर. आता विहिरीत पालापाचोळा कुजून कार्बन डायऑक्साइड १० टक्के झाला असं धरा. त्याचा दाब ७६, आणि ऑक्सिजनचा उरला १४४. ऑक्सिजन थोडाच घटला, पण एवढ्या कार्बन डायऑक्साइडने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा जड. तळाशी वारा फिरत नाही, म्हणून तो तिथेच साचतो. डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही.

डाल्टनने लग्न केलं नाही. मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेऊन तो साधेपणाने जगला. पदार्थ अणूंचे बनलेले असतात हा त्याचा सिद्धांत जगभर गाजला. २७ जुलै १८४४ ला तो वारला, तेव्हा अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली होती.

त्याचं गणित आपल्या कामाचं आहे. विहिरीत उतरण्याआधी ब्लोअरने ताजी हवा आत सोडा. डिझेल इंजिन आत चालवू नका, त्याचा धूर विषारी असतो. एकट्याने उतरू नका, कमरेला दोर बांधा, वर माणसं ठेवा. आणि कोणी पडलाच, तर त्याच्यामागे तसंच उतरू नका. आधी अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन लावा.